होळीचा ढोल, खोगिराचा नमदा आणि दालनातील कला

आवाज, प्रकाश, रंग आणि लोकर यांची एकत्र मांडणी करणाऱ्या कलाकृतींना आज जगभरच्या संग्रहालयांत मानाचे स्थान आहे. नंदुरबार जिल्ह्यात यापैकी बहुतेक सामग्री पिढ्यान् पिढ्या होळीभोवती, माळावर आणि नदीकाठच्या यात्रेत मांडली जात आली आहे. या मांडणीचा धनी कोण, तिचा मोबदला कोणाला आणि तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहेत.

फाल्गुनी पौर्णिमेची रात्र सरत आलेली असते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आलेला जनसमुदाय रात्रभर जागा असतो. रानातून आणलेला उंच बांबूचा दांडा सजवून उभा केलेला असतो. पुरुषभर उंचीच्या आसपासचे मोठे ढोल, मांदळ आणि बासऱ्या यांचा नाद डोंगरकुशीत घुमत असतो. अंगावर राखेची व पांढऱ्या रंगाची ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरांच्या माळा, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा व मोरपिसांचा उंच टोप अशा वेषातील 'बावा' आणि 'बुध्या' ठेक्यावर फेर धरतात. पहाटे, उजाडण्याच्या सुमारास होळी पेटविली जाते. प्रथम ढोल, मग घुंगरांचा कल्लोळ, मग ज्वाळा आणि शेवटी सूर्योदय हा क्रम ठरलेला आहे. जुन्या मेवासी संस्थानाच्या नावावरून या होळीला 'राजवाडी होळी' म्हणतात.

या सोहळ्याकडे बाहेरचा माणूस बहुधा 'रंगीबेरंगी आदिवासी नृत्य' म्हणून पाहतो. वस्तुतः बावा-बुध्याचा वेष हे नवसाचे वस्त्र आहे. तो धारण करणारा माणूस त्या दिवसांत अनवाणी राहणे, खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे अशी पथ्ये सांभाळतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारे भोंगऱ्या बाजार आणि काठीच्या पाठोपाठ गावोगाव पेटणाऱ्या होळ्या यांमुळे हा सारा मुलूख काही दिवस एकाच नादात बांधला जातो. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे या सणाला घरी परततात. वर्षातील उरलेले महिने पोटासाठी विखुरलेल्या समाजाला एकत्र आणण्याचे काम हा ढोल करतो.

मांडणशिल्पाची भाषा

कलेच्या आधुनिक परिभाषेत ज्याला 'मांडणशिल्प' म्हणतात, त्याची व्याख्या समोर ठेवली तर हे साम्य चटकन लक्षात येते. भिंतीवर टांगलेले चित्र प्रेक्षक समोरून पाहतो. मांडणशिल्पात तो आत शिरतो. जागा, आवाज, प्रकाश, वस्तू आणि प्रेक्षकाचे स्वतःचे शरीर हे सारेच कलाकृतीचे घटक होतात. १९६० नंतर पाश्चात्त्य कलेत हा प्रवाह बळावला. ला मॉन्टे यंग हे संगीतकार आणि मारियन झझीला या चित्रकर्त्री यांनी न्यूयॉर्कमध्ये उभारलेले 'ड्रीम हाऊस' अखंड स्वर आणि रंगीत प्रकाश यांनी भरलेले आहे; तेथे माणसाने थोडे डोके हलविले तरी ऐकू येणारा स्वर बदलतो. ओलाफर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये 'द वेदर प्रोजेक्ट' मांडला. पिवळ्या दिव्यांचे अर्धवर्तुळ, छताला लावलेले आरसे आणि कृत्रिम धुके यांतून त्यांनी दालनात जणू सूर्यच उगवला. तो पाहायला वीस लाखांहून अधिक लोक आले आणि त्यांतील कित्येक जमिनीवर आडवे होऊन त्या उजेडात पडून राहिले.

वेषाच्या बाबतीत शिकागोचे निक केव्ह यांचे उदाहरण बावा-बुध्याच्या अधिक जवळचे आहे. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला केलेल्या मारहाणीने अस्वस्थ होऊन केव्ह यांनी काटक्यांचा अंगरखा शिवला. तो अंगावर चढवून हालचाल केली तेव्हा त्यातून आवाज येऊ लागला आणि 'साउंडसूट' या मालिकेचा जन्म झाला. अंग झाकणारा, माणसाची ओळख लपविणारा आणि चालताना वाजणारा हा वेष. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकात तीस रंगीत घोडे नाचविले; प्रत्येक घोड्याच्या आत दोन नर्तक होते. घोडा, रंग, वाद्य आणि गर्दी यांची ही सांगड महानगरातील प्रवाशांना अपूर्व वाटली. नंदुरबारच्या माणसाला मात्र सारंगखेड्याची यात्रा आठवली असती.

भारतातही ही भाषा आता परकी राहिलेली नाही. मुंबईच्या नलिनी मलानी फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगवून त्यांतून प्रकाश सोडतात आणि सावल्या, चलच्चित्र व ध्वनी यांचा एकत्र खेळ उभा करतात. २०१२ मध्ये जर्मनीतील 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनात त्यांची अशी कृती होती. मुंबईतच जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या धाग्यांना गाठी मारून देवतांसारख्या भव्य आकृती घडविल्या. शिल्पा गुप्ता यांच्या एका कृतीत काळोख्या दालनात टांगलेल्या शंभर ध्वनिक्षेपकांतून तुरुंगवास भोगलेल्या कवींचे शब्द ऐकू येतात. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातून आलेले प्रभाकर पाचपुते खाणकामगारांचे जग दालनाच्या भिंतींवर उतरवितात. म्हणजेच ध्वनी, प्रकाश आणि तंतू यांच्या भाषेत महाराष्ट्रातील कलावंतांनी जगात स्वतःचे स्थान मिळविले आहे. या यादीत सातपुड्याचे नाव नाही, ही त्यातली उणीव आहे.

नमद्याचे शास्त्र आणि एक दंतकथा

या कलाव्यवहारात लोकरीच्या नमद्याला विशेष स्थान आहे. नमदा विणावा लागत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. पिंजलेली लोकर पसरून तिच्यावर गरम पाणी आणि साबण शिंपडला आणि ती गुंडाळून सतत दाबली, की हे खवले एकमेकांत अडकतात व मागाशिवाय वस्त्र तयार होते. सायबेरियातील पाझिरिक येथील थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंगीत नमदे बर्फात टिकून राहिलेले सापडले आहेत. काश्मीर आणि राजस्थानातील टोंक येथील नमदे प्रसिद्ध आहेत. दख्खनच्या धनगरी मुलखात लोकर दाबून केलेल्या अशा जाड वस्त्राला 'जेन' किंवा 'बुरणूस' म्हणतात.

नमदा ऊब धरून ठेवतो, तसाच आवाज गिळतो. ध्वनिलहरी त्याच्या असंख्य पोकळ्यांत शिरतात, तंतूंशी घर्षण होते आणि ध्वनीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी या गुणाचा उपयोग केला. १९६६ मध्ये त्यांनी एक मोठा पियानो नमद्यात पूर्ण शिवून टाकला. १९८५ मध्ये लंडनमधील 'प्लाइट' या मांडणशिल्पात त्यांनी दालनाच्या भिंती नमद्याच्या गुंडाळ्यांनी झाकल्या आणि मध्ये एक बंद पियानो ठेवला. आत शिरणाऱ्याला ऊब जाणवे, पण स्वतःचा आवाजही दबल्यासारखा वाटे. मुके केलेले वाद्य हा तिचा आशय होता.

बॉइस यांनी नमद्याशी आपले नाते एका कथेने जोडले होते. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये क्रिमियात त्यांचे विमान कोसळले. तेथील भटक्या तातारांनी आपल्याला चरबी आणि नमद्यात गुंडाळून वाचविले, असे ते सांगत. विमान कोसळले हे खरे. पण जर्मन शोधपथकानेच त्यांना रुग्णालयात पोचविले आणि तातारांची कथा कागदपत्रांशी जुळत नाही, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. तरीही ही कथा त्यांच्या कलेचे भांडवल ठरली. भटक्यांचे ज्ञान, भटक्यांचे वस्त्र आणि भटक्यांची करुणा यांवर एका कलावंताची कीर्ती उभी राहिली. भटक्यांना मात्र त्या कथेत नाव नव्हते, चेहराही नव्हता. सातपुड्यातील होळीच्या बाबतीत हाच धडा लक्षात ठेवावा लागेल.

या संदर्भात एक तांत्रिक बाबही उद्बोधक आहे. नमदा उंच पट्टीतील आवाज सहज शोषतो. खर्जातील आवाजापुढे मात्र तो हतबल ठरतो. साठ हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेपाच मीटरहून अधिक असते. बोटभर जाडीच्या लोकरीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. काठीचा ढोल उद्या कोणी नमद्याने मढविलेल्या दालनात आणून वाजविला, तर बुध्याच्या घुंगरांचा नाद विरून जाईल आणि ढोलाचा दणका तेवढा उरेल. मोकळ्या डोंगरात दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. ही कला तिच्या जागेसाठीच घडलेली आहे. जागा बदलली की तिचा समतोल बिघडतो.

लोकर आहे, वस्त्र नाही

नंदुरबार हे नमद्याचे माहेरघर नाही. पण नमद्याला लागणारी लोकर या मुलखातून दरवर्षी चालत जाते. धुळे-नंदुरबार पट्ट्यातील ठेलारी समाजाचे मेंढपाळ आपले कळप घेऊन तापीच्या खोऱ्यातून वर्षभर फिरतात. शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावाचा रस्ता धरायचा, हा त्यांचा जीवनक्रम. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड असते. कधीकाळी घोंगडीमुळे तिला बाजार होता. पानिपतच्या स्वस्त रगांनी आणि कृत्रिम धाग्यांच्या ब्लँकेटांनी तो हिरावला. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही आणि कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते. मांसासाठीच मेंढी पाळायची म्हटल्यावर लोकर कमी असलेल्या जातींकडे मेंढपाळांचा कल वळणे स्वाभाविक आहे.

भरड असल्यामुळे अंगावर न चालणारी हीच लोकर ध्वनिशोषक पडदे, सभागृहांच्या भिंतींचे अस्तर, बसकरे आणि मांडणशिल्पे यांसाठी उपयोगाची ठरू शकते. मागाची गरज नसल्याने भांडवल थोडे लागते. अडचण बाजाराची आणि प्रशिक्षणाची आहे. शहरातील ध्वनिमुद्रण कक्ष आणि नाट्यगृहे यांच्या भिंतींवर बहुधा काचतंतू व कृत्रिम फेस बसविला जातो. तेथे देशी लोकरीचा विचार फारसा होत नाही. सार्वजनिक सभागृहांच्या बांधकामात काही टक्के देशी नमदा वापरण्याची अट घातली, तरी एका मरणासन्न व्यवसायाला मागणी निर्माण होईल. कलावंतांची दालने त्यामानाने फार लहान ग्राहक आहेत. या वस्तूला प्रतिष्ठा मिळवून देणे त्यांना शक्य आहे. रोजगारासाठी मात्र मोठा खरेदीदारच लागेल.

सारंगखेड्याचा अनुभव

लोककलेला मोठा खरेदीदार मिळाला की सारे सुरळीत होते, असेही नाही. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी अशा अनेक जातींचे घोडे येतात. खोगिरे, लगाम, घुंगूरमाळा, रंगीत गोंडे यांची दुकाने मांडली जातात. घोड्याच्या पाठीला घासू नये म्हणून खोगिराखाली नमदा घालण्याची रीत जुनीच आहे. पायांत घुंगरू बांधलेले घोडे ढोलाच्या तालावर नाचविणे हा या यात्रेचा मोठा आकर्षणबिंदू. ध्वनी, रंग आणि लोकर येथे बाजाराच्या निमित्ताने एकत्र येतात.

या यात्रेला 'चेतक महोत्सवा'चे रूप देण्याचा प्रयत्न मागील दशकाच्या उत्तरार्धात झाला. हेतू चांगला होता. मागास जिल्ह्यात पर्यटक यावेत, निवासाची सोय व्हावी, घोड्यांच्या शर्यती, सौंदर्यस्पर्धा आणि सांस्कृतिक कार्यक्रम व्हावेत. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने त्यासाठी राज्याबाहेरील एका खासगी कंपनीशी करार केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने गंभीर आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन ३२१ कोटी रुपयांचे हे कंत्राट रद्द केले. यातील राजकीय आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले तरी आकडा बोलका आहे. ज्या जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक २०१२ च्या राज्य अहवालात महाराष्ट्रात सर्वांत खाली होता, त्या जिल्ह्यातील एका यात्रेच्या व्यवस्थापनासाठी ही रक्कम कागदावर आली होती. खोगीर बनविणारा कारागीर, लोकर आणणारा मेंढपाळ आणि ढोल वाजविणारा वादक यांच्यासाठी त्यात स्वतंत्र तरतूद काय असावी, हा विषय या वादात मुख्य कधी झालाच नाही. 'खोगीरभरती' या शब्दाचा अर्थ अशा वेळी नव्याने कळतो.

यात्रा कंत्राटाच्या आधीही होती आणि नंतरही भरतेच आहे. महोत्सवाचे आयोजन वरून लादले गेले, की तंबू, रोषणाई आणि जाहिरात यांवर खर्च होतो आणि मूळ कारागीर त्या सोहळ्यात पाहुणा ठरतो, एवढा निष्कर्ष या अनुभवातून काढता येतो. काठीच्या होळीकडेही आता पर्यटक, छायाचित्रकार आणि वृत्तवाहिन्यांचे लक्ष वळले आहे. ज्वाळेच्या उजेडासाठी जपलेल्या काळोखात कॅमेऱ्यांचे दिवे लखलखतात. होळी पेटण्याची वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरावी, अशी मागणी उद्या आली तर ती नाकारण्याचे बळ गावाकडे असले पाहिजे.

बदल बाहेरूनच येतो असेही मानण्याचे कारण नाही. लग्नसराईत सातपुड्याच्या पायथ्याशी ढोलाऐवजी डीजेच्या भिंती वाजू लागल्या आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागात आदिवासी समाजातूनच दारू, दहेज आणि डीजे या तिन्हींविरुद्ध मोहीम उभी राहिली. कर्णकर्कश आवाजाला आळा घालण्यासाठी समाजाने स्वतःहून पुढे येणे हे शहरी महाराष्ट्रासाठीही अनुकरणीय आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असूनही शहरांतील उत्सवांचा आवाज दरवर्षी वादाचा विषय होतोच.

शेजाऱ्यांनी काय केले?

भिल्ल समाजाची वस्ती तीन राज्यांच्या सीमेवर पसरलेली आहे. पण त्यांच्या कलेचे भाग्य राज्याराज्यांत वेगळे ठरले. भोपाळमध्ये १९८२ साली भारत भवन उभे राहिले. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तेथे आदिवासी व आधुनिक कलावंतांची चित्रे एकाच छताखाली, समान दर्जाने मांडली. त्याच वास्तूच्या बांधकामावर मजूर म्हणून आलेल्या भुरीबाई पुढे भिल्ल चित्रकार म्हणून मान्यता पावल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गुजरातेत छोटा उदेपूरजवळ तेजगढ येथे गणेश देवी यांच्या 'भाषा' संस्थेने आदिवासी अकादमी आणि 'वाचा' हे संग्रहालय उभे केले. राठवा समाजाची पिठोरा चित्रे तेथून जवळच्याच गावांत रंगविली जातात. २०२३ मध्ये परेश राठवा यांना त्यासाठी पद्मश्री देण्यात आली.

महाराष्ट्राच्या वाट्याला वारली चित्रकला आली. जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियन्स द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात होती. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे संयुक्त प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीत झाले. वारलीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. तथापि, भारत भवनासारखे, आदिवासी कलावंताला समकालीन कलावंताच्या बरोबरीने उभे करणारे केंद्र राज्यात झाले नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेला नंदुरबार जिल्हा या बाबतीत तर पूर्णतः दुर्लक्षित राहिला.

त्यामागे एक कारण असेही आहे, की येथील कला सहज विकता येत नाही. वारली चित्र कागदावर, कापडावर, पेल्यावर उतरते. काठीची होळी उतरत नाही. तिला चौकट नाही, तिची प्रत निघत नाही आणि ती एका रात्रीत जळून जाते. आजच्या मांडणशिल्पांचा तर हाच अभिमानाचा विषय आहे. जी अडचण येथे उपेक्षेचे कारण ठरली, तीच महानगरातील कलावंताच्या बाबतीत प्रयोगशीलता ठरते, हा विरोधाभास कलासमीक्षकांनी गंभीरपणे घ्यायला हवा.

अधिकार ग्रामसभेचा

एखाद्या महानगरी कलावंताने उद्या बावा-बुध्याचा वेष, घुंगरांचा ध्वनिमुद्रित नाद, ज्वाळांचे चलच्चित्र आणि लोकरीच्या भिंती घेऊन एखादी कृती केली, तर त्यावर बंदी घालावी काय? मुळीच नाही. देवाणघेवाणीशिवाय कला जगत नाही. नवज्योत अल्ताफ यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागाव येथे आदिवासी कलावंतांसह काम केले. गावातील हातपंपाभोवतीची जागा आणि मुलांसाठीच्या खोल्या हे त्या कामाचे रूप होते आणि सहकलावंतांची नावे त्यात बरोबरीने राहिली. सहकार्य आणि उसनवारी यांतील फरक या उदाहरणाने स्पष्ट होतो.

कायद्याचे हत्यारही उपलब्ध आहे. त्याचा वापर मात्र होत नाही. भौगोलिक मानांकन वस्तूला मिळते, नवसाला नाही. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट झाले. पण ते व्यक्तीचे हक्क आहेत, समूहाचे नव्हेत. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या युनेस्कोच्या २००३ च्या करारात संबंधित समाजाच्या सहभागाला महत्त्व आहे आणि भारताने २००५ मध्ये तो स्वीकारला. यापेक्षा जवळचा आधार म्हणजे १९९६ चा 'पेसा' कायदा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम आहे, असे हा कायदा स्पष्ट शब्दांत म्हणतो. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये या कायद्याचे नियमही केले. तेंदूपाने, गौण खनिज आणि जमीन यांच्या संदर्भात 'पेसा'ची चर्चा होते; संस्कृतीच्या संदर्भात ती अभावानेच ऐकू येते.

काठीच्या ग्रामसभेने ठराव करून चित्रीकरणाच्या अटी, दिव्यांची मर्यादा, पाहुण्यांच्या बसण्याची जागा आणि व्यावसायिक वापराचा मोबदला ठरविला, तर तो कायद्याला धरूनच होईल. जिल्हा प्रशासनाने आणि पर्यटन विभागाने असा ठराव आपल्या आराखड्याच्या आधी मागवावा. कलासंस्थांनीही संमती, श्रेय आणि मोबदला या तीन अटी लेखी पाळाव्यात. यासाठी ३२१ कोटींची आवश्यकता नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी ध्वनिसंग्रह, वाद्ये व वेष घडविण्याची कार्यशाळा आणि लोकर पिंजून नमदा करण्याची सोय असलेले छोटे केंद्र पुरेसे आहे. ते चालविणारे हात मात्र पावरा, वसावे, गावित, तडवी, ठेलारी यांच्या घरांतूनच आले पाहिजेत. ऊसतोडीला जाणाऱ्या तरुणांपैकी मूठभरांना जरी त्यातून गावात काम मिळाले, तरी त्या केंद्राचा खर्च सार्थकी लागेल.

अर्थात, सावधगिरीचा एक मुद्दा उरतो. होळीचे संग्रहालय झाले, की होळी संपते. बावा-बुध्या वर्षभर पर्यटकांपुढे नाचू लागले, तर नवसाचे वस्त्र गणवेश होईल. म्हणून केंद्रात काय दाखवायचे आणि काय दाखवायचे नाही, हेही गावानेच ठरवावे लागेल. काही गोष्टी दुरूनच पाहाव्यात, काही ऐकून सोडून द्याव्यात, एवढी सभ्यता शहरी प्रेक्षकाने अंगी बाणविणे आवश्यक आहे.

व्यासपीठ कोणाचे?

शहादा परिसरातील चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या १९८७ मधील पहिल्या कवितासंग्रहाचे नाव 'गोधड' असे आहे. जुन्या कापडाचे तुकडे जोडून केलेली ही पांघरायची वस्तू हीदेखील एक मांडणीच. त्यांची 'स्टेज' ही कविता मराठी वाचकांना परिचित आहे. ज्यांचे दुःख, त्यांना व्यासपीठावर बोलावणे येत नाही आणि त्यांच्याविषयी बोलणारे मात्र व्यासपीठावर असतात, हे वास्तव त्या कवितेने मांडले. या कवितेला काही दशके उलटली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांची जमीन गेली, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. जमीन देताना या माणसांचे म्हणणे किती ऐकले गेले, हा इतिहास सर्वांसमोर आहे. जमिनीपाठोपाठ आता त्यांच्या नादाला, रंगाला आणि अग्नीला बाजारभाव येऊ लागला आहे.

हा भाव कोण ठरविणार, याचा निर्णय पुढील काही वर्षांत होईल. पर्यटन आराखडे तयार होत राहतील, कलाप्रदर्शने भरत राहतील, चित्रफिती मोबाइलवरून जगभर जातील. ते थांबविता येणार नाही आणि थांबविण्याचे कारणही नाही. मात्र येत्या फाल्गुनी पौर्णिमेच्या आधी एखाद्या ग्रामसभेने आपल्या होळीविषयीचा पहिला ठराव लिहून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविला, तर 'पेसा'च्या त्या दुर्लक्षित कलमाला प्रथमच अर्थ येईल. मग त्या रात्री काठीला जाणाऱ्या शहरी पाहुण्याला होळी जवळून पाहण्यासाठी गावाची परवानगी घ्यावी लागेल आणि ती घेताना त्याला कोणताही कमीपणा वाटण्याचे कारण नसेल.